पस्तीस की पन्नास

युसूफ वडगाव,
दसऱ्यानंतरचा बुधवार

प्रिय तेजू,

"नॉर्मल लेन्स म्हंजे काय, तर माणूस माणसाशी जेवढ्या अंतरावरून बोलतंय, तेवढ्या अंतरावरून ते दिसाया पाहिजे." आमचे आप्पा हे म्हणाले तेव्हा आपण दोघी अकरावीत होतो. तू आमच्या फोटो स्टुडिओतल्या फिरत्या स्टुलावर बसून गरागरा फिरत होतीस आणि आप्पा ओरडत होते, "तेजे, स्टूल मोडलं तर गिऱ्हाईक तुझ्या मांडीवर बसवीन!" तू फिरता फिरताच विचारलंस, "आप्पा, मग भांडताना कोणती लेन्स लावायची?" आप्पांना इतकं हसू आलं की समोर बसलेल्या माणसाचा फोटो हलला. गेले आठ दिवस आप्पांचं ते वाक्य माझ्या डोक्यात घुमतंय. तेव्हा ते कळल्यासारखं वाटलं होतं. आता अजिबात कळत नाही.

एवढं लांबलचक पत्र का, फोन का नाही, असं तुला वाटेल. फोनवर मी विषय बदलते, हे तुला माहीत आहे. माघात तुझी आई, आमच्या तुळजाकाकू, गेल्या. तेराव्याला तू मला मागच्या दारी गाठलंस आणि विचारलंस, "रुद्रे, खरं सांग. माझ्या स्थळाचा तो फोटो तसा करायला आईनंच तुला सांगितलं होतं ना? आई तर जाईस्तोवर न्हाईच म्हणत राहिली." आणि मी म्हणाले, "थांब, पंगतीत पाणी वाढून येते." पंगत केव्हाच उठली होती. तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं म्हणून आज हे पत्र लिहायला बसले, आणि बघ, सुरुवात लेन्सपासून केली. पण ती गोष्टही खोटी नाही. मी खरंच लेन्सच्या घोळात अडकले आहे, आणि हे दोन घोळ मला वेगळे करता येईनासे झाले आहेत.

आधी बातमी सांगते. मी नवा कॅमेरा घेतला, मिररलेस. त्यात तो खटकन वर उडणारा आरसा नसतो. फोटोत जे येणार तेच आधी डोळ्याला दिसतं. लग्नाच्या ऑर्डरींसाठी जुना कॅमेरा आणि त्याची झूम आहेच. या कॅमेऱ्याला मला एकच लेन्स घ्यायची आहे, तीही झूम न होणारी. तिच्यात माणूस जवळ ओढता येत नाही, आपल्यालाच पुढंमागं व्हावं लागतं. प्रश्न एवढाच, की पस्तीस मिलिमीटरची घ्यायची की पन्नासची; आकडा जितका लहान तितकं चौकटीत जास्त मावतं. नवऱ्याला, विश्वेश्वरांना, विचारलं तर म्हणाले, "तुझा नवरा हार्डवेअरच्या दुकानात बसतो. त्याला स्क्रूची मापं विचार." बीडच्या कॅमेऱ्याच्या दुकानातले बंकटभाऊ तासभर माझा चेहरा बघत बसले आणि शेवटी म्हणाले, "ताई, दोन्ही घेऊन जावा. रविवारी मी सोयरिकीला केजला येणार हाय, तवा एक वापस द्या. पण मधी फोन करून 'बंकटभाऊ, कोणती' म्हणून इचारू नका. लोकं मला लगीन करू का नको ते बी इचारतेत."

म्हणून रविवारपर्यंत दोन्ही माझ्याकडे आहेत. दिसायला जुळ्या बहिणी. दोघी काळ्या, दोघींची झाकणं एकसारखी. दुसऱ्याच दिवशी माझ्या हातून झाकणांची अदलाबदल झाली आणि अर्धा दिवस मी पस्तीसला पन्नास समजून तिचं कौतुक करत होते. आप्पांचं मत पक्कं आहे. त्यांच्या रोलच्या कॅमेऱ्याला जन्मभर पन्नासच होती. स्टुडिओच्या फरशीवर स्टुलापासून सहा फुटांवर त्यांनी लाल ऑइलपेंटनं मारलेली रेघ अजून आहे. तिच्यावर पाय ठेवायचा आणि बटण दाबायचं. पण नव्या कॅमेऱ्याचा सेन्सर रोलच्या चौकटीपेक्षा लहान आहे. त्यावर पन्नास लावली की ती पंचाहत्तरसारखी वागते, आणि आप्पांची जुनी पन्नास हवी असेल तर पस्तीस लावावी लागते. हे मी त्यांना तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "म्हंजे पन्नास ही पन्नास न्हाई, आन् पस्तीस ही पन्नास हाय? मग मी ब्याऐंशीचा हाय का पंचावन्नचा, ते तेवढं बघून सांग." वर त्यांचा हट्ट असा की पस्तीसनं नाकं फुगतात, ती वऱ्हाडाच्या ग्रुप फोटोला लावायची. मी वाचलं ते वेगळंच आहे. नाक लेन्समुळे फुगत नाही, आपण फार जवळ गेल्यामुळे फुगतं. चेहरा कसा दिसणार हे आपण कुठं उभं राहतो त्यावर ठरतं. लेन्स फक्त त्यातलं किती ठेवायचं ते कापते. हे वाचून मला उलगडा व्हायला हवा होता. झालं भलतंच. वाटलं, मग मी लेन्स कशाला निवडतेय? मला कुठं उभं राहायचंय तेच आधी ठरलेलं नाही.

समोरच्या रामकिसनभाऊंच्या घरी जाऊन दोन्ही लावून पाहिल्या. आपल्याकडं फोटोत पावलं आलीच पाहिजेत, हे तुला सांगायला नको. पाय कापलेला फोटो कुणी भिंतीला लावत नाही. त्यांची खोली दहा बाय दहाची. पन्नास लावून नवराबायकोची पावलं चौकटीत घ्यायची तर मी सरकत सरकत उंबऱ्याबाहेर, मग पायरीखाली, मग थेट रस्त्यावर. त्यांची बायको आतून ओरडली, "अगं बाई, फोटो आमचा काढतीस का गल्लीचा?" मी रस्त्यावरून ओरडले, "भाऊ, जरा हसा!" मध्ये एक मोटारसायकल गेली. भाऊंना ऐकू आलं 'बसा', आणि ते बिचारे खाली मांडी घालून बसले. मग पस्तीस लावून आत गेले. पावलं आली, सगळं आलं, पण आता मी इतकी जवळ की भाऊंनी श्वासच रोखून धरला. फोटोत ते पोलीस भरतीला छाती मोजून देत असल्यासारखे दिसतात. लांब गेले तर बोलणं पोचत नाही, जवळ गेले तर माणूस आखडतो. तूच सांग, यातलं बरं कोणतं?

पण खरी चक्रावले ते वत्सलाबाईंच्या फोटोत. त्या वेशीजवळ भाजी घेऊन बसतात, कपाळभर आणि हनुवटीवर हिरवं गोंदण. त्यांच्या शेजारी बसून पन्नासनं छान फोटो काढला, मागचा बाजार सगळा विरघळला, फक्त चेहरा राहिला. स्क्रीनवर दाखवला. त्यांनी पदरानं स्क्रीन पुसली, परत बघितलं आणि म्हणाल्या, "माझं गोंदण कुठं गेलं गं?" मी बघितलं तर खरंच, हिरव्या रेघा पुसट झालेल्या, सुरकुत्या तर नाहीतच. "माझ्या मायनं गोंदवून घेतलेलं हाय ते. तुला कुणी सांगितलं पुसाया?" त्या हसत म्हणाल्या, पण म्हणाल्या. मी शप्पथ घेतली की मी काही केलं नाही. नंतर शोधलं तर कॅमेऱ्यातच त्वचा मऊ करायची एक सोय असते आणि ती चालू होती. बंकटभाऊंना विचारलं तर म्हणाले, "आमीच चालू करून देतो ताई, गिऱ्हाइकाला आवडतंय." ती बंद करायला मला अख्खी दुपार लागली. बंद केल्यावरही तीन-तीनदा उघडून बघत होते. मी काही केलं नाही, हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज कसं आलं, तेच माझ्या मनातून जाईना.

तेजू, बावीस वर्षांपूर्वी तुला बघायला पाहुणे आले तो दिवस तुला कुणी सांगायला नको. त्यांच्या आत्याबाईंनी तुझ्या हातून चहाचा कप घेतला आणि आत डोकावत म्हणाल्या, "ही थोरली व्हय? फोटोतली कुठंय?" तू म्हणालीस, "तीच मी." मग मुलाच्या बद्रीनाथमामांनी खिशातून फोटो काढला आणि तुझ्या गालाशेजारी धरून पाहिला, जसं कापडाच्या दुकानात ठिगळ जुळतंय का बघतात तसं. फोटो हातोहात सगळ्या बैठकीत फिरला. मी दाराआड उभी होते. हे सगळं तुझ्याकडे आहे. तुझ्याकडे नाही ती आदल्या आठवड्यातली एक दुपार. ती सांगते.

तुझा फोटो आप्पांनीच काढला होता, लाल रेघेवरून. मग आप्पा लग्नाच्या ऑर्डरीला नांदूरघाटला गेले, आणि रोल अंबाजोगाईच्या लॅबमधून धुऊन आला तो माझ्या हातात. तेव्हा निगेटिव्हवर धूळ बसायची आणि प्रत्येक कागदावर ती पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपानं उमटायची. कुणाच्या कोटावर, कुणाच्या कपाळावर. ते ठिपके भरणं हे माझं काम. शून्य नंबरचा ब्रश जिभेवर टोकदार करायचा, रंग टिपायचा आणि पांढरं दिसेल तिथं टेकवायचा. दहावीपासून मी हेच करत होते. पांढरं दिसलं की भरायचं. त्या दुपारी सोळा फोटो होते आणि तुझा बहुतेक बारावा. तुझ्या खालच्या ओठाच्या कडेला तो कोडाचा चिंचोक्याएवढा पांढरा डाग होता, आणि डोळ्याजवळ तांदळाएवढा दुसरा. मी तुझ्या केसांवरचा एक ठिपका भरला, मग साडीच्या काठावरचा, मग ओठाकडचा. मी तो भरला तेजू. मग डोळ्याजवळचा. रंग इतका बेमालूम जुळला की मी फोटो लांब धरून पाहिला आणि मला माझ्या हाताचा अभिमान वाटला. एवढ्यात मध्यस्थी करणारे मुंजाजीमामा मोटारसायकल चालूच ठेवून दारात आले, "दे गं पोरी लवकर, पाहुणे गाठायचेत," म्हणाले, आणि मी फोटो पाकिटात घालून दिला. त्याआधी तो तू पाहिला नाहीस, काकूंनी पाहिला नाही, आप्पांनी पाहिला नाही.

आता मला सगळ्यात अवघड जाणारी गोष्ट. मी ते का केलं, हे मला माहीत नाही. कधी वाटतं, हातानं केलं. धूळ समजून हात भरत गेला. पण तुझा डाग मी सातवीपासून बघत होते, तो धूळ कसा वाटेल? कधी वाटतं, मुद्दाम केलं, तुझं चांगलं व्हावं म्हणून. पण मग ते तुला न सांगता का केलं? आणि कधीतरी, फार क्वचित, असंही वाटतं की तो डाग मलाच बघवत नव्हता. तिन्ही उत्तरं मी खूप वेळा स्वतःला देऊन पाहिली. तिन्ही खरी वाटतात. त्यानंतर मी कधी 'मी केलं' असं म्हणालेच नाही, कारण कुणी विचारलंच नाही. स्टुडिओवाले स्वतःच्या मनानं असलं काही करत नाहीत, कुणीतरी सांगितल्याशिवाय नाही, हे गावाला ठाऊक. आणि मुलीच्या फोटोत असं करायला कोण सांगणार? आई. गावानं ठरवलं, तूही ठरवलंस. आप्पांना मात्र कळलं. ते एवढंच म्हणाले, "आजपासून माणसाच्या तोंडावर ब्रश टेकवायचा न्हाई," आणि ब्रश उचलून देव्हाऱ्याच्या खाली ठेवून दिला.

तू शिकलीस, नांदूरघाटच्या शाळेत लागलीस, एकटी राहिलीस. आपण बोलत राहिलो, तुझ्या शाळेचं, माझ्या सासूबाईंचं, टोमॅटोच्या भावाचं. मागच्या वर्षी तू फोनवर सांगितलंस की जिल्ह्यांचा नकाशा शिकवताना चौथीतली एक पोर तुझ्या हातावरच्या पांढऱ्या डागावर बोट ठेवून म्हणाली, "बाई, ह्यो कोणता जिल्हा?" आणि तू म्हणालीस, "बीड. बघ किती वाढलाय." तू हसत होतीस. मीही हसले. फोन ठेवला आणि लक्षात आलं की बावीस वर्षांत तुझा एकही फोटो नाही. शाळेच्या सहलीतही तूच फोटो काढतेस. फोनवर तुझ्या नावापुढे जास्वंदीचं फूल आहे.

आणि गेल्या दिवाळीआधी काकू स्टुडिओत आल्या. पेन्शनच्या कागदाला फोटो हवा होता. काढून झाला तरी स्टुलावरून उठेनात. मग म्हणाल्या, "रुद्रे, तेजूचा एक फोटो काढ. हाय तशी काढ. भरू नको." मी चमकून त्यांच्याकडं पाहिलं. लोक म्हणतात, गोरं करा, डाग काढा, साफ करा. 'भरणं' हा शब्द आप्पा आणि माझ्याशिवाय कुणी वापरत नाही. मग आठवलं, आपल्या शिकवणीच्या दिवसांत काकू तुला न्यायला स्टुडिओत येऊन बाकावर बसायच्या आणि मला विचारायच्या, काय करतीस गं, आणि मी सांगायची, ठिपके भरते काकू. मी विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत?" म्हणाल्या, "त्याच दिशी. फोटो फिरत माझ्या हातात आला, तवाच कळलं ह्यो कुणाचा हात हाय." मी विचारलं, मग तेजूला का नाही सांगितलं? तर माझ्याकडंच नवल वाटल्यासारखं बघितलं. "कावून सांगू? सोयरीक तर गेलीच हुती, मैतरीण बी घालवू का तिची? रागवू दे की माझ्यावर. आई कुठं जातीया?" मी त्यांना वचन दिलं की तुला सांगेन. दिवाळी गेली, संक्रांत गेली, मी सांगितलं नाही. माघात त्या गेल्या. तेराव्याला तू विचारलंस, तेव्हाही मी पाणी वाढायला गेले.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे, तेजू. नाही. काकूंनी मला काहीही सांगितलं नव्हतं. त्या बावीस वर्षं तुझ्याशी खरं बोलत होत्या, आणि ज्या एका माणसाला ते सिद्ध करता आलं असतं, ती मी होते. याची माफी कशी मागायची ते मला कळत नाही, म्हणून मागत नाही. हा कॅमेरा मात्र मी तुझ्यासाठीच घेतला आहे, आणि लेन्सचं हे सगळं पाल्हाळ त्यामुळेच. तू मला किती अंतरावर उभं राहू देशील, किंवा देशील का, हे माहीत नसताना मी पस्तीस की पन्नास काय ठरवू? शनिवारी तुझी शाळा सकाळचीच असेल. दुपारच्या बसनं मी नांदूरघाटला येते, दोन्ही लेन्स पिशवीत घालून. तू दार उघडलं नाहीस तर पुढच्या बसनं परत जाईन आणि रविवारी बंकटभाऊंना दोन्ही देऊन टाकीन. काकूंचं नाव पुढं करून मागत नाही, हे मागणं माझं एकटीचं आहे. तू नाही म्हणशील. म्हणायलाच हवंस, मी तुझ्या जागी असते तर पत्र इथपर्यंत वाचलंही नसतं. तरी विचारते. मला तुझा एक फोटो काढू देशील? आहेस तशी?

तू अजून म्हणू दिलंस तर तुझीच,
रुद्राणी